अकराची गाडी आणि सोनकांबळे सिस्टर

आरोग्य खात्यात तीसेक वर्षं काढली. तेवढ्यात कितीतरी डॉक्टर पाहिले, साहेब पाहिले, माझ्यापेक्षा शिकलेल्या, दिसायला चांगल्या, वशिल्याच्या बायका पाहिल्या. कुणाचंच मला कधी काही वाटलं नाही. मत्सर वाटला तो एकाच बाईचा, आणि ती माझ्या हाताखाली होती. इंदू सोनकांबळे, उपकेंद्राची सिस्टर. अजून तिचं नाव निघालं की माझ्या पोटात बारीक दुखतं, आणि आता साठी ओलांडल्यावर ते लपवायचं तरी कुणापासून?

आमचं आरोग्य केंद्र चाकूर तालुक्यात, अहमदपूरला जाणाऱ्या रस्त्याला लागून. मी तिथं आरोग्य सहायिका. म्हणजे आसपासच्या सगळ्या उपकेंद्रांच्या सिस्टर माझ्या देखरेखीखाली. आवारात मला सरकारी क्वार्टर मिळालेलं, पण राहायला मी आमच्या घरीच. माझं माहेर लातूरचं, शेतीवाडीचं, घरात सगळे शिकलेले. माझं बोलणं स्वच्छ, अक्षर सुंदर, साडीची घडी मोडलेली कधी कुणी पाहिली नाही. सोनकांबळे नांदेडकडची, कंधार तालुक्यातल्या एका खेड्यातली. आजोबांच्या वेळेला घर बौद्ध झालेलं, वडील मजुरी करणारे, आणि त्या मजुरीवर लेकीला नांदेडला नर्सिंगला घातलेलं. बदली होऊन ती आमच्याकडे आली तेव्हा पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर शाळेच्या पोराचं दप्तर आणि तोंडात लवंग. दप्तरावर पंख पसरलेला एक हिरवा पोपट छापलेला होता.

"उद्या साहेब येणार आहेत, जरा बरी पिशवी घ्या," मी म्हटलं.

"हाव मॅडम," ती म्हणाली, आणि निवृत्त होईपर्यंत तोच पोपट तिनं खांद्यावर वागवला.

तोंडावर मी तिला 'तुम्ही' म्हणायची आणि मनात 'ती'. इथं मनातलंच लिहायला बसले आहे, तेव्हा 'ती'च राहू दे.

त्या दप्तरात एक स्टीलचा पेला असायचा. कुणाच्या दारात गेली की पाणी विचारायच्या आत पेला बाहेर. "माझा गलास हाय." पहिल्यांदा मला वाटलं, काय हे नखरे! मग एका मोठ्या घरी आम्ही दोघी गेलो. मला आत खुर्ची मिळाली, ती ओसरीवरच थांबली, आणि मला बाहेरच्या कोनाड्यात उपडी ठेवलेली एक वेगळी कपबशी दिसली. ती कपबशी खाली उतरवायची वेळच सोनकांबळे कुणावर येऊ द्यायची नाही. पण माझी जळजळ झाली ती त्यानंतर. मी आत तिथल्या सासूबाईंबरोबर पोहे खात होते, आणि त्या घरची थोरली सून ज्वारी निवडायचं निमित्त करून सुपासकट ओसरीवर जाऊन बसली. चांगला अर्धा तास. दोघींची डोकी जवळ आणि कुजबूज चाललेली. त्या सुनेनं मला चार वर्षांत 'बरं आहे' यापलीकडे काही सांगितलं नव्हतं.

खुर्ची मला आणि मनातलं सगळं तिला, असा तो हिशोब होता. मी पोहे अर्धे टाकून उठले.

"काय म्हणत होती हो ती?" वाटेत मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मला काय म्हाईत न्हाई, मॅडम."

हे तिचं ठरलेलं वाक्य. साहेबांनी विचारलं, सरपंचांनी विचारलं, घरात देवीसारखा मान असलेल्या कुठल्या सासूनं विचारलं, तरी लवंग या गालातून त्या गालात जायची आणि उत्तर हेच. नवीन डॉक्टर आले की त्यांना वाटायचं, बाई जरा मंद आहे. मला मात्र माहीत होतं, की पंचक्रोशीतल्या घराघरातलं हिला ठाऊक आहे आणि मला ती त्यातला दाणाही टाकणार नाही.

मग ते डायाफ्राम आले. दिवस राहू नयेत म्हणून एका संस्थेच्या मदतीनं आमच्या केंद्रात ते बायकांना द्यायचे ठरले. सिलिकॉनची मऊ, खोलगट वाटी. बाईनं ती आपल्या हातानं आत, गर्भाशयाच्या तोंडावर बसवायची, सोबत थोडं जेल. त्यात हार्मोन नाही, सुई नाही, टाका नाही. आमच्या बायकांना असल्या वस्तूची केवढी गरज होती! गोळ्यांनी कुणाचं डोकं ठणकायचं, कुणाचा बीपी चढायचा. तांबी बसवली की कुणाला अंगावरून जायचं. मुलगा झाल्याशिवाय ऑपरेशनचं नाव काढायचं नाही. आणि निरोध वापरणं नवऱ्याच्या मर्जीवर, म्हणजे तो विषयच मिटला. या एका वस्तूत कुणाला विचारायचं काम नव्हतं. मूल हवं झालं की वापरणं थांबवायचं, बस्स.

प्रशिक्षण लातूरला झालं आणि त्यात मी पहिली आले. नियम साधा होता. संबंध झाल्यावर सहा तास वाटी आतच राहिली पाहिजे, मग चोवीस तास उलटायच्या आत काढायची, साबणानं धुवायची, कोरडी करून डबीत ठेवायची. मी गावोगाव बैठका घेतल्या. टेबलावर प्लास्टिकचा नमुना मांडला, भिंतीवर तक्ता लावला, पट्टीनं एकेक भाग दाखवला. बायका खाली माना घालून बसल्या. एकीनं पदराचा बोळा तोंडात कोंबून हसू दाबलं. शेवटी मी विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?" सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "समजलं." अकरा जणी वाट्या घेऊन गेल्या. साहेबांनी अहवालात माझं नाव घातलं, आणि मी ते घरी सगळ्यांना वाचून दाखवलं.

सोनकांबळेनं तो नमुना हातात धरलाच नाही. बाई आली की ती आधी वाटी बाईच्या मुठीत द्यायची. "धर. चावत न्हाई ते. आठ दिवस नुस्ती घरी ठेव. दाबून बघ, वाकवून बघ, तुझी भीड मोडू दे." आठ दिवसांनी पुढचं. आमच्या तक्त्यावरची बाई एक पाय स्टुलावर ठेवून उभी होती. सोनकांबळे म्हणायची, "न्हाणीत स्टूल कुठला आणावा माय? तू चुलीपुढं बसतीस ना, तशीच बस." संस्थेनं दिलेली निळी डबी तिनं एकदाही वापरली नाही. घरात नवी डबी दिसली की पहिला प्रश्न सासूचा. म्हणून ती किराणा दुकानदारांकडून बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे मागून आणायची, प्रत्येकीला वेगळा. डब्याच्या कोपऱ्यात चिंधीत बांधलेली एक लवंग घालायची. कुबट वास नको, म्हणे. तिच्या गावातल्या बायका त्या वाटीला 'झाकणी' म्हणायला लागल्या, आणि बघता बघता माझ्या गावातल्याही.

आणि सगळ्यात आधी ती एक भलताच प्रश्न विचारायची. "तुमच्या घरात सकाळी पहिली आंघोळ कुणाची?" मी एकदा हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. लेकरं किती, पाळी कधी, हे विचारायचं सोडून आंघोळीची चौकशी! प्रशिक्षणातलं काही डोक्यात शिरलं नाही, असा शेरा मी मनातल्या मनात मारला आणि मला बरं वाटलं.

चार महिन्यांत माझ्या अकरा जणींपैकी तिघींची पाळी चुकली. सोनकांबळेच्या एकीचीही नाही.

माल खराब आला असावा, असं मी वर कळवलं. तिचा माल त्याच खोक्यातला होता. तिला जाऊन एका शब्दानं विचारलं असतं, की तुम्ही काय वेगळं करता, तर काय बिघडणार होतं? पण माझी जीभ वळली नाही. मी बैठकीत तिच्याकडे पाहायचंही टाळायला लागले, आणि ती आपली शेवटच्या बाकावर बसून लवंग चघळत राहिली.

ते कोडं सुटलं ते एसटीमुळे. सोनकांबळेच्या मुलीचं बाळंतपण होतं म्हणून ती महिनाभर नांदेडला गेली आणि तिची गावं माझ्याकडे आली. नेमकं त्याच आठवड्यात नाल्यावरच्या पुलाचं काम निघालं आणि आमच्या रस्त्यानं जाणारी अकराची अहमदपूर गाडी दुसरीकडून वळवली. तिसऱ्या दिवशी उपकेंद्राच्या दारात एक बाई.

"मॅडम, अकराची गाडी बंद झाली की."

"मग डेपोत सांगा. मी काय करू?"

"तसं न्हाई. मंग काढायची कवा?"

"काय काढायची?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की हिला एवढंही कळू नये? आणि गेली. दुपारी दुसरी आली. तिचंही तेच, गाडी बंद आणि काढायची कवा. संध्याकाळी तिसरी आली, ती जरा वयानं मोठी, धीट होती. तिनं माझी कीव करून सांगितलं.

"अवो, झाकणी. शिस्टरनं सांगून ठिवलंय, अकराची गाडी भोंगा देऊन गेली की मगच काढायची. त्याच्या आधी न्हाई. डोक्यावरून आंघोळ केली तरी न्हाई. आता गाडीच न्हाई तर काय बघून काढावं?"

मी तिथंच खुर्चीत बसले. आमच्याकडच्या घरात सून पहाटे पाचला उठून आंघोळ करते. नवऱ्याजवळ जाऊन आलेली असेल तर डोक्यावरून. त्याशिवाय चुलीला हात लावायचा नाही. आणि आंघोळ म्हणजे आतबाहेर सगळं स्वच्छ, असंच तिच्या मनात बसलेलं. माझ्या त्या तिघींनी सहा तासांचा नियम ऐकला होता, समजला होता, आणि पहाटे आंघोळीबरोबर वाटी काढून धुवून ठेवली होती. अंधारात घड्याळ कोण बघणार, आणि विटाळ अंगात ठेवून भाकरी कोण थापणार? सोनकांबळेनं ते आधीच ताडलं होतं. आंघोळ करा, पण वाटीला हात लावू नका. अकरापर्यंत पुरुष रानात गेलेले, सासू देवळात नाहीतर शेजारी, घर मोकळं. अगदी पहाटेचं धरलं तरी तोवर सहा तास होतात. आणि गाडीचा भोंगा साऱ्या गावाला ऐकू येतो.

माझ्या जिव्हारी लागलं ते दुसरंच. मी स्वतः वीस वर्षं सासरी पहाटे पाचला आंघोळ करून चुलीपुढे बसत आले. तो नेम माझ्या घरातला. सोनकांबळेच्या माहेरी-सासरी असलं काही नव्हतं. तरी ते तिला सुचलं आणि मला नाही.

मी बायकांना सांगितलं, गाडी सुरू होईपर्यंत शाळेच्या मोठ्या सुट्टीची घंटा झाली की काढा. तेही चाललं. मला फार अभिमान वाटला. ती परत आल्यावर मी मुद्दाम तिला सांगितलं.

"लई बेस केलं मॅडम," ती म्हणाली. पुलाचं काम संपलं, गाडी सुरू झाली, आणि बायका दुसऱ्याच दिवशी माझी घंटा सोडून तिच्या भोंग्यावर गेल्या.

आता जे लिहायचं आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इथं त्या मुलीला संगीता म्हणते. तिच्या दोन मुली, दोन्ही सिझेरियन. लातूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, इतक्यात पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल. गोळ्या तिला चालत नव्हत्या, तांबी तिनं दोनदा काढून टाकली होती, आणि सासूला नातू हवा होता. सोनकांबळेनं तिला झाकणी दिली होती. वर्षभर सगळं सुरळीत चाललं होतं.

त्या घराचं आणि आमचं लांबचं नातं. मी एकदा पाहणीला गेले, तर संगीताच्या सासूबाई ओसरीवर बसलेल्या. म्हणाल्या, "सोनकांबळेबाईचा लई जीव हाय आमच्या सुनंवर. सारखी येती. गावात बी सगळ्या तिचंच नाव घेत्यात. तुमी मोठ्या हाव तिच्यापेक्षा, पर तुमचं कुणी नाव काढत न्हाई बघा."

बाई सहज बोलल्या. पण माझ्या वर्मावर बोट पडलं. मी म्हणाले, "ती कसली देते? सगळं माझ्याकडून जातं. ते डायाफ्रामचं सामान मीच आणलंय, तुमच्या सुनेला बसवायला शिकवायला मीच सांगितलंय." आणि पुढे दहा मिनिटं ते किती चांगलं असतं हे मी त्यांना समजावून सांगितलं. माझं नाव निघावं एवढ्यासाठी. बोलता बोलता त्यांचा चेहरा बदलत गेला तो मला दिसला, पण तोंडातून गेलेलं परत घेता येत नाही.

बिस्किटाचा डबा त्याच दिवशी उकिरड्यात गेला. संगीताचं बाहेर पडणं बंद झालं. सोनकांबळे गेली की "घरी न्हाई" असं दारातूनच सांगायचे. काही महिन्यांनी कळलं, तिला दिवस गेलेत. सातव्या महिन्यात एका सकाळी रक्तस्राव सुरू झाला. गाडीतून लातूरला नेताना सोनकांबळे तिच्या उशाशी बसली होती. मी केंद्राच्या पायरीवर उभी होते. संगीता वाचली. बाळ गेलं आणि गर्भपिशवी काढावी लागली.

चौथ्या दिवशी सासूबाई केंद्राच्या अंगणात आल्या आणि सगळ्यांसमोर सोनकांबळेवर तुटून पडल्या. तिच्या वस्तूमुळेच पोटात दोष झाला, तिनंच सून बिघडवली, आणि तिची जात काढून जे काही बोलल्या ते मी लिहिणार नाही. डॉक्टर बाहेर आले. त्यांनी विचारलं, "यांना ही गोष्ट सांगितली कुणी? हे गुप्त ठेवायचं असतं ना?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"वस्तू मीच दिली, सर," सोनकांबळे म्हणाली. "जपून ठिवायला मीच नीट सांगितलं न्हाई. चूक माझी."

वस्तूचा त्या दुखण्याशी काही संबंध नव्हता हे डॉक्टरांना कळत होतं, पण गुप्तता राखली नाही म्हणून तिला नोटीस गेली. ती नोटीस माझ्याच सहीनं गेली. तिनं घेतली, दप्तरात ठेवली आणि "येऊ मॅडम?" म्हणून निघाली. त्या दिवशीही मला तिचा रागच आला. ओरडली असती, माझं नाव घेतलं असतं, तर निदान भांडता आलं असतं.

नंतर ही गोष्ट आमच्या दोघींत कधी निघाली नाही. संगीता बरी होऊन घरी आल्यावर सोनकांबळे पुन्हा त्या ओसरीवर जायला लागली. पेला काढायची, पाणी प्यायची, आणि सासूच्या समोर सुनेचा बीपी मोजायची. हे धाडस मला झालं नाही. मी त्या गल्लीतून जाणंच सोडलं.

दोन वर्षं गेली. माझ्या मुलाचं लग्न झालं, नातू झाला. सून प्रियंका चाकूरला शाळेत शिकवते, समजूतदार आहे. तिला अर्धशिशीचा त्रास, त्यामुळे गोळ्या चालण्यासारख्या नव्हत्या. तरी मी दोनदा विषय काढला. म्हटलं, "दुसऱ्याची घाई नसेल तर सांग, मी काहीतरी व्यवस्था करते. घरातच सिस्टर आहे तुझ्या." ती म्हणाली, "बघू, आई." मला वाटलं, लाजते आहे.

एका रविवारी मी न्हाणीघर घासायला घेतलं. साबणाच्या खोक्यामागे एक पत्र्याचा डबा. चित्र खरवडून गेलेलं. उघडला तर आधी वास आला, लवंगेचा.

मी डबा होता तसा ठेवला आणि तिथंच ओल्या फरशीवर बसले. एवढी जळले, एवढी जळले, की मला रडूच आलं. गावातल्या बायका तिच्याकडे गेल्या ते एक वेळ मी गिळलं होतं. पण माझी सून, माझ्या छपराखाली राहणारी, स्कुटी काढून आडवाटेच्या गावाला तिच्याकडे गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उपकेंद्रात जाऊन उभी राहिले.

"माझी सून तुमच्याकडे येते?"

"कोण सून?"

"प्रियंका."

"मला काय म्हाईत न्हाई, मॅडम."

"सोनकांबळे, मी डबा पाहिलाय. त्यात लवंग आहे."

"लवंग किराणा दुकानात बी भेटती."

"माझ्याशी असं बोलू नका." माझा आवाज फाटला. "घरात मी असताना तिला तुमच्याकडे यावं लागतं. तुमच्यात असं काय आहे? माझ्यात काय कमी आहे, तेवढं तरी सांगा."

ती उठली. माठातलं पाणी त्या स्टीलच्या पेल्यात भरून तिनं माझ्यापुढे धरलं. मी घेतलं आणि सगळं प्याले. तिनं लवंग काढून कागदात गुंडाळली, तेव्हा मला कळलं, की आज ती बोलणार आहे.

"तुमी लई शिकलेल्या हाव, मॅडम. तुमचं बोलणं चांगलं, हात बी चांगला. कमी काय न्हाई. ती कोण तुमची सून, ती मला म्हाईत न्हाई. पर कुणाची बी सून असू द्या. तिच्या सासूला मी सांगत न्हाई. सासू कोण बी असू द्या."

'सासूला सांगत नाही' हे शब्द तिनं सावकाश उच्चारले. रागानं नाही.

"संगीताच्या सासूला कुणी सांगितलं, ते तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर एक बाई लेकराला कडेवर घेऊन माझं काम संपायची वाट बघत उभी होती.

"मला काय म्हाईत न्हाई, मॅडम," ती म्हणाली. मग हात पुढे करून तिनं पेला परत घेतला.

घरी येऊन मी प्रियंकाला काही विचारलं नाही. ओठांवर आलेलं गिळायला मला किती त्रास झाला ते मलाच माहीत. दुसऱ्या बाईचं गुपित मी आयुष्यात पहिल्यांदाच पोटात ठेवलं.

सोनकांबळे माझ्याआधी निवृत्त झाली. माझा निरोपसमारंभ पुढे दोन वर्षांनी झाला, त्यात चार भाषणं, शाल, श्रीफळ, फोटो, सगळं यथासांग. बायका मोजक्याच होत्या, त्यातल्या निम्म्या ऑफिसच्या. तिचा निरोप मी विसरू शकत नाही. केंद्राच्या हॉलमध्ये पन्नास खुर्च्या मांडल्या होत्या आणि बायका आल्या तशा खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, व्हरांडा भरला. कुणी बीपी दाखवायला आले म्हणाली, कुणी लेकराचा खोकला घेऊन आली, कुणी लोणच्याची बरणी. माझी सून शाळेला रजा टाकून आली होती. मला म्हणाली, "सहज आले, आई." दाराशी दोन्ही मुलींचे हात धरून संगीता उभी होती.

तालुक्याचे साहेब लसीकरणावर बोलले. मग त्यांनी बायकांना म्हटलं, "कुणीतरी सिस्टरबद्दल दोन शब्द बोला." माईक फिरला आणि कुणीच हातात घेतला नाही. काय बोलणार होत्या? शेजारी सासवा बसलेल्या. साहेब गोंधळले. त्यांना वाटलं असेल, एवढी गर्दी आणि बाईबद्दल बोलण्यासारखं काहीच नाही?

माईक शेवटी माझ्याकडे आला. मी कागदावर भाषण लिहून आणलं होतं, पण मनात दुसरंच होतं. सांगून टाकावं, की ती नोटीस चुकीची होती, चूक माझी होती. तोंड उघडलंही. आणि दाराशी संगीता दिसली, तिच्यापुढे दोन खुर्च्या सोडून तिची सासू. मी बोलले असते तर मी मोकळी झाले असते आणि ती पोरगी पुन्हा चव्हाट्यावर आली असती. सोनकांबळे माझ्याकडे बघत होती. मी कागद वाचला, लसीकरणाचाच, आणि खाली बसले. तिनं लवंग या गालातून त्या गालात नेली.

कार्यक्रम अकराच्या आत उरका, एवढंच तिनं आधी सांगून ठेवलं होतं. अहमदपूरला उतरून पुढे नांदेडची गाडी धरायची होती. आम्ही सगळ्या रस्त्यावर आलो. गाडी आली. ती पोपटाचं दप्तर सावरत चढली, खिडकीशी बसली आणि मान बाहेर काढून म्हणाली, "येते मॅडम." मला काहीतरी म्हणायचं होतं, पण चालकानं भोंगा दिला आणि गाडी हलली.

गाडी पुलापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत बायका थांबल्या. मग एक वळली, मग दुसरी, मग दोघीतिघी. कुणी कुणाकडे न बघता, पदर सारखे करत, सगळ्या भराभर आपापल्या घराकडे चालू लागल्या. रस्ता मोकळा झाला. माझ्याशेजारी प्रियंका तेवढी उरली. खांद्यावरची पर्स तिनं पोटाशी घट्ट धरली होती. तिनं घड्याळ पाहिलं नाही. सरळ माझ्याकडे पाहिलं.

"आई, अकराची गेली. तुमच्या क्वार्टरची किल्ली देता जरा?"

मी कमरेची किल्ली काढून तिच्या हातात दिली, आणि काही विचारलं नाही.